चार गिरक्या आणि एक ‘स्टँडबाय’

पत्र:

काकू, मी २१ वर्षांची आहे. घर सिंहगड रोडला, आणि कमर्शियल पायलट लायसन्सचं प्रशिक्षण पुण्याबाहेरच्या एका फ्लाइंग अकॅडमीत चालू आहे. परवा सोलो क्रॉस-कंट्रीत (एकटीने दूरच्या विमानतळापर्यंत उड्डाण) एका मोठ्या विमानतळावर उतरायचं होतं. डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी रनवेला समांतर उडतात त्या टप्प्याला, पोचले तेव्हा आसपास कुणीही दिसत नव्हतं, तरी कंट्रोल टॉवरने ऑर्बिट, म्हणजे जागच्या जागी गोल गिरकी, करायला लावलं. एकदा नाही, चार वेळा. तेवढ्यात माझ्या मागून आलेली एअरलाइनची दोन विमानं उतरून गेली. विचारलं तर तुटक ‘स्टँडबाय’ (थांब). परत निघताना रनवेच्या तोंडाशी उभं केलं. एअरबस उडाली, रनवे रिकामा, तरी मी उभीच. बाबा म्हणतात, सिंहगड रोडवर डंपर दुचाकीला दाबतो तसलाच हा प्रकार, लेखी तक्रार कर. इन्स्ट्रक्टर म्हणतात, गप्प बस, नाहीतर पुढच्या वेळी आणखी त्रास देतील. बाबांनी फ्लॅटवर कर्ज काढलंय. आणि मला आता रेडिओचं बटण दाबायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. टॉवरवाले आम्हा छोट्या विमानवाल्यांना कस्पटासमान समजतात का?

– एक वैतागलेली विद्यार्थिनी, पुणे

उत्तर:

अगं, मीही टॉवरवालीच. तुझं पत्र उलट्या बाजूने वाचायला घेते, कारण ज्या गोष्टीचा तुला शेवटी सगळ्यात जास्त राग आलाय, ती टॉवरमधल्या त्या माणसाने निव्वळ तुझ्यासाठी केली होती.

एअरबस उडाली, रनवे रिकामा होता, तरी तुला उभं ठेवलं. किती वेळ, ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगते: दोन मिनिटं, किंवा त्याहून थोडं जास्त. विमानाच्या पंखांच्या टोकांतून हवेचे दोन भोवरे सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. विमान नाक उचलतं तेव्हा सुरू होतात आणि उतरताना नाकाचं चाक टेकलं की थांबतात. तुझं प्रशिक्षणाचं विमान, बहुधा सेस्ना १७२, इंधन-माणसांसह साडेअकराशे किलोच्या आसपास. एअरबस ए३२० उडताना अठ्ठ्याहत्तर टनांपर्यंत जातं. त्याच्या भोवऱ्यात तू सापडलीस तर तुझं विमान ज्या वेगाने कुशीवर वळेल, त्या वेगाने ते सरळ करण्याची ताकद तुझ्या एलेरॉनमध्ये (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांत) नाही. जमिनीपासून दोनशे फुटांवर हे झालं तर पुढचं लिहायला नको. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत सात टनांपर्यंतची विमानं ‘लाइट’, सात टनांच्या वरची आणि एकशे छत्तीस टनांच्या आतली ‘मीडियम’, त्यावरची ‘हेवी’ अशी विभागणी आहे. मीडियमच्या मागून त्याच रनवेवरून लाइट विमान उडणार असेल तर मध्ये दोन मिनिटं जाऊ द्यावी लागतात. तू रनवेच्या टोकाऐवजी मधल्या टॅक्सीवेवरून (रनवेला जोडणाऱ्या रस्त्यावरून) निघणार असशील तर तीन.

त्यात एक गंमत आहे, आणि ती तुझ्या बाबांना जरूर सांग. वारा जोराचा असेल तर भोवरे लवकर विस्कटतात. वारा अगदी मंद आणि आडवा असला की एक भोवरा रनवेवरच रेंगाळतो. म्हणजे ज्या छान, शांत सकाळी तुला वाटतं की आता काय अडचण आहे, तीच सकाळ जास्त वाईट. काचेमागे बसलेल्या नियंत्रकाला भोवरा दिसत नाही, तुलाही दिसत नाही. त्याच्या हातात फक्त घड्याळ असतं.

उतरतानाचं मात्र वेगळं आहे, आणि ते तुला माहीत नसेल तर तुझ्या इन्स्ट्रक्टरांचा मला राग येईल. तू व्हीएफआर म्हणजे डोळ्यांनी बघत उडत असशील आणि मोठ्या विमानाच्या मागून त्याच रनवेवर उतरत असशील, तर मधलं अंतर राखून देण्याचं बंधन टॉवरवर नाही. तो ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’ (सांभाळ, पुढच्याचे भोवरे आहेत) म्हणेल आणि पुढचं तुझं तू बघायचंस. त्याच्या वाटेच्या वर राहायचं, तो जिथे टेकला त्याच्या पुढे टेकायचं. जमणार नसेल तर सरळ आणखी एक गिरकी मागायची. हो, मागायची. चारातल्या एखाद्या गिरकीचं कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे: दुसरं विमान टेकलं, आणि त्या भोवऱ्यांत तुला पाठवण्यापेक्षा त्याने तुला आणखी दोन मिनिटं बाहेर ठेवलं.

आता त्या चार गिरक्यांकडे येऊ.

तू म्हणतेस, विमानं तुझ्या मागून आली. तुझ्या मागून नाही आली गं, तुला दिसायच्या आधीपासून ती रांगेत होती. अप्रोचवाल्या नियंत्रकाने चाळीस मैलांवरून त्यांचा क्रम लावलेला असतो. टॉवरमधल्या माणसासाठी ‘आधी आला’ म्हणजे ‘आधी हाक मारली’ असं नसतं. रनवेच्या उंबरठ्यावर कोण कधी पोचतंय, हे त्याला बघायचं असतं. हिशोब तूच करून बघ. एअरबस फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, सहा मैलांवर आहे, वेग १४० नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. अडीच मिनिटांत ती टेकणार. तू डाउनविंडवरून बेस घेऊन (रनवेकडे आडवं वळून) फायनलला वळणार, अजून दोन मैल उडायचेत, वेग सत्तरच्या घरात. दोन मिनिटं तर तुला टेकायलाच लागणार. मग तू रनवेवर लांबवर घरंगळत जाणार, नवखा विमानतळ म्हणून बाहेर पडायचा टॅक्सीवे शोधणार, आणि तेवढ्यात मागे एअरबस उंबरठ्यावर येऊन ठेपणार. तिला गो-अराउंड करावा लागणार, म्हणजे न उतरता परत वर जावं लागणार.

त्याची किंमत बघ. फायनलवरच्या जेटला गिरकी मारता येत नाही. चाकं खाली, फ्लॅप पूर्ण, वेग ठरलेला. बहुतेक कंपन्यांचा नियमच असतो की हजार फुटांवर सगळं स्थिर नसेल तर उतरायचं नाही. तिला परत वर पाठवलं की पुन्हा पूर्ण फेरी, दहा-पंधरा मिनिटं, काहीशे किलो इंधन, आणि तिच्या मागच्या सगळ्यांची रांग विस्कटते. तुझी एक गिरकी म्हणजे ठरावीक संथ ‘रेट-वन’ वळणाने दोन मिनिटं आणि साधारण एक लिटर अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल). तू वाकू शकतेस, ती वाकू शकत नाही. जो वाकू शकतो त्याला वाकवतात, हे उघड आहे. याला तू अन्याय म्हणू शकतेस, पण मी तिथे असते तर हेच केलं असतं.

बाबांचं डंपरचं उदाहरण इथेच लंगडं पडतं. डंपरवाला स्वतःच ठरवतो की दुचाकीला दाबायचं. एअरबसच्या कॅप्टनने तुझ्याबद्दल काहीही ठरवलेलं नाही. तू सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या फेरीत, आहेस हे त्याला टॉवरनेच सांगितलं असणार. आणि आकाशाच्या रस्त्यावर आकाराला मान नाही. ‘हवेचे नियम’ म्हणून जे आहेत त्यांत कोणी कोणाला वाट द्यायची ते लिहिलंय: इंजिन असलेल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, फुग्याला द्यायची, एअरशिपला द्यायची. एखादा ग्लायडर आणि तुझं सेस्ना एकमेकांची वाट छेदत आले तर वाट तू सोडायचीस. उतरणाऱ्या दोघांपैकी जो खाली असेल त्याचा हक्क पहिला, पण त्या सबबीवर दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. यात कुठेही किती प्रवासी, किती टन, कुणाची कंपनी, असा शब्द नाही. नियंत्रकाला प्राधान्य द्यायचं असतं ते अडचणीतल्या विमानाला, रुग्ण घेऊन जाणाऱ्याला, शोध-बचावाच्या विमानाला. आणि हो, आपल्याकडे व्हीव्हीआयपींना. त्यावर माझी मतं आहेत, ती या सदरात छापण्याजोगी नाहीत.

एअरलाइनवाल्यांनाच सगळा मान, असं वाटत असेल तर एकदा लोहगावहून विमान पकड. तिथला टॉवर हवाई दलाचा आहे, रनवे हवाई दलाचा, आणि सुखोईंचं उड्डाण चालू असेल तर एअरबसच्या कॅप्टनलाही थांबून राहावं लागतं. आत दीडशे पुणेकर घड्याळाकडे बघत असतात आणि प्रत्येकाला खात्री असते की हा त्याचा वैयक्तिक अपमान आहे.

पण एवढ्यावर तुझी बोळवण केली तर ते खोटं होईल. भेदभाव असतो. फक्त तो तुला वाटतो त्या कारणासाठी नसतो.

नियंत्रकाचं सगळं काम पुढच्या तीन मिनिटांत कोण कुठे असेल या अंदाजावर चालतं. एअरलाइनचा चालकदल रोज तेच करतो. ‘डावीकडे वळ’ म्हटलं की किती सेकंदात वळणार, किती वेगाने उतरणार, कुठल्या टॅक्सीवेने बाहेर पडणार, हे नियंत्रकाला पाठ असतं. छोट्या विमानात कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं. तीस वर्षांच्या अनुभवाचा गृहस्थ असेल, नाहीतर पहिल्यांदा एकटी आलेली मुलगी असेल. मग तुझा पहिला कॉल येतो. त्यात तू अडखळलीस, उंची सांगायची विसरलीस, रीडबॅक (ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं) अर्धा दिलास, तर तो मनातल्या मनात तुझ्याभोवती मोठं वर्तुळ काढतो आणि बाकी सगळं त्या वर्तुळाच्या बाहेरून नेतो. यात तुच्छता नाही, पण तुझ्या बाजूने बघितलं तर ती तुच्छतेसारखीच दिसते, हे मला मान्य आहे. टॉवरमध्ये छोट्या विमानाबद्दल कुरकूर चालते का? चालते. मी ऐकलीय. मायक्रोफोनचं बटण सोडल्यावर आम्ही एअरलाइनच्या कॅप्टनांबद्दल जे बोलतो ते मात्र त्याहून कितीतरी वाईट असतं.

आणि या कुरकुरीच्या मुळाशी भीती आहे. २५ सप्टेंबर १९७८ ला अमेरिकेत सॅन डिएगोवर बोईंग ७२७ आणि सेस्ना १७२ यांची टक्कर झाली, जमिनीवरच्यांसह १४४ माणसं गेली. टॉवरने बोईंगला सेस्नाची कल्पना दिली होती, त्यांनी ‘दिसतंय’ असं सांगितलंही होतं. मग ते नजरेतून सुटलं, मागे पडलं असावं असं त्यांनी धरलं, आणि वरून त्याच्यावरच गेले. म्हणजे तिथे मोठ्याने छोट्याला गाठलं. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला उलटं झालं. एक छोटं पायपर विमान परवानगी न घेता नियंत्रित हवाई हद्दीत शिरलं आणि उतरत असलेल्या डीसी-९ या प्रवासी जेटला धडकलं. ८२ जण गेले. पायपरमध्ये रडारला उंची सांगणारा ट्रान्सपाँडर नव्हता. त्यानंतर अमेरिकेने एअरलाइनच्या विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आणि मोठ्या विमानतळांभोवती उंची कळवणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा केला. हे दोन्ही अपघात आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जातात. छोट्या विमानाचा कॉल आला की नियंत्रक जरा ताठ बसतो, त्याचं हे कारण.

तर हे वर्तुळ लहान कसं करायचं, ते तुझ्या हातात आहे.

पहिला कॉल करण्याआधी निदान मिनिटभर फ्रिक्वेन्सी नुसती ऐक. कोण कुठे आहे याचं चित्र मनात तयार झालं की अर्धी भीती तिथेच जाते, शिवाय दुसऱ्याच्या रीडबॅकवर तू बोलणार नाहीस. मग एका दमात: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. त्यातच ‘स्टुडंट पायलट, सोलो’ म्हण. लाजू नकोस. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगायला लिहिलंय, ब्रिटनमध्ये एकट्या विद्यार्थ्याच्या कॉलसाइनला तो शब्द जोडतात. हे ऐकलं की बहुतेक नियंत्रकांचा बोलण्याचा वेग कमी होतो आणि सूचना एकेक करून, सुटसुटीत येतात, जे तुला हवंच आहे.

‘स्टँडबाय’ आलं तर गप्प राहायचं. ते ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, तो दुसऱ्या फोनवर असेल, हद्दीच्या बाहेरच्या कोणाशी समन्वय करत असेल. पण तिसरी गिरकी सुरू झाली आणि काहीच कळलं नाही, तर विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. ‘का’ विचारू नकोस, त्याच्याकडे सांगायला वेळ नसतो. ‘माझा नंबर किती, आणखी किती वेळ’ एवढंच विचार. त्याचं उत्तर त्याने स्वतःहून द्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. ‘नंबर थ्री, साधारण आठ मिनिटं’ असं पहिल्या गिरकीलाच सांगितलं असतं तर तू हे पत्र लिहिलं नसतंस. चार गिरक्या देणं चूक नव्हतं. तुला अंधारात ठेवून देणं ही त्या नियंत्रकाची ढिलाई होती.

आणि ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हणायला शिक. गिरकी मारताना ढगात शिरणार असशील, डोंगर जवळ असेल, एवढ्या वेगाने फायनल करणं झेपत नसेल, तर ‘अनेबल’ आणि पुढे कारण दोन शब्दांत. विमान तू चालवतेयस, तो नाही. इंधन कमी होतंय असं वाटलं तर ‘मिनिमम फ्युएल’ म्हणता येतं, पण नीट समजून घे: त्याने प्राधान्य मिळत नाही, आणखी उशीर परवडणार नाही एवढं टॉवरला कळतं. राखीव इंधनालाच हात लागणार अशी वेळ आली तर ‘मेडे फ्युएल’, ही संकटाची हाक. तेव्हा एअरबसलाच काय, कुणालाही बाजूला करतील.

इंग्रजीची धास्ती असेल (पत्रात लिहिलं नाहीस, पण बटण दाबायची भीती ही बऱ्याचदा तीच असते), तर रेडिओची इंग्रजी ही ठरावीक वाक्यांची भाषा आहे. घरी खोलीचं दार लावून, बाल्कनीत उभी राहून, मोठ्याने म्हण. शेजाऱ्यांना वाटेल पोरीचं बिनसलं. वाटू दे. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले, त्या चौकशीत एका चालकदलाला रेडिओवरची इंग्रजी नीट कळत नसल्याचा मुद्दा आला होता. दोन्ही मोठी विमानं होती, बरं का. फर्डं बोलता येण्याची गरज नाही. नीट कळणं आणि जसंच्या तसं परत म्हणणं, एवढंच लागतं. कळलं नाही तर ‘से अगेन’. दहा वेळा म्हण. न कळता ‘रॉजर’ (ऐकलं, कळलं) म्हणणारा वैमानिक नियंत्रकाला सगळ्यात नकोसा असतो.

तक्रारीचं. थांबवलं म्हणून तक्रार करू नकोस. रेकॉर्डिंग लावतील, घड्याळ बघतील, आणि नियंत्रक बरोबर ठरेल. टॉवरची सगळी बोलणी रेकॉर्ड होतात आणि निदान तीस दिवस ठेवावी लागतात, म्हणून करायचंच तर उशीर चालणार नाही. अपमानास्पद भाषा वापरली असेल, दिलेली सूचना धोक्याची होती असं वाटत असेल, तर तारीख, यूटीसी (जागतिक) वेळ, फ्रिक्वेन्सी लिहून चीफ इन्स्ट्रक्टरांमार्फत कळव. डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) स्वेच्छेने सुरक्षा अहवाल देण्याची सोयही आहे. नुसता आवाज तुटक होता, याला मी अपमान म्हणणार नाही. ‘गप्प बस, त्रास देतील’ हे इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. पुढच्या वेळी तुझा कॉलसाइन ऐकून कोणी सूड उगवत नाही; शिफ्ट बदललेली असते, आणि दिवसभरात इतके कॉलसाइन कानावरून जातात की घरी जाईपर्यंत एकही आठवत नाही. विद्यार्थ्याला रेडिओला घाबरायला शिकवणं हे मी वाईट शिकवणं समजते.

कर्जाबद्दल माझ्याकडे सल्ला नाही. बाबांना एवढंच सांग की फ्लाइंगचे तास लॉगबुकात चढतात. ती आठ मिनिटंसुद्धा चढली.

आता काम. इन्स्ट्रक्टरांना सांगून ज्या विमानतळावर हे घडलं तिथल्या टॉवरला भेट मागून घे. अकॅडमीच्या लेटरहेडवर विनंती लागते, ओळखपत्रं लागतात, आणि सिव्हिल टॉवर असेल तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. एअरलाइनच्या गर्दीची वेळ निवड, दुपारी तीनला जाऊन काही दिसणार नाही. मागे उभी राहा, हेडसेट मिळाला तर लाव, आणि एखादं छोटं विमान सर्किटमध्ये आलं की नियंत्रक खिडकीतून किती वेळा त्याच्याकडे बघतो ते बघ. निघताना त्याला तुझ्या चार गिरक्यांबद्दल विचार. लोहगावला मात्र पहिल्यांदा जाऊ नकोस. हवाई दलाच्या परवानगीला वेळ लागतो, आणि तुझी पुढची क्रॉस-कंट्री त्याआधीच असणार.